झुडपांच्या मुळावर

झुडूप म्हणजे जमिनीलगतच अनेक फांद्या फुटणारी, टणक खोडाची, पण वृक्षाची उंची न गाठणारी वनस्पती. ही व्याख्या शाळेच्या पुस्तकात वृक्ष आणि रोपटे यांच्या मधोमध छापलेली असते आणि तिच्या शेजारी बहुधा जास्वंदीचे चित्र असते. परीक्षेत दोन गुण मिळवून दिले की तिचे काम संपते. त्यानंतर मराठी माणूस मरेपर्यंत तुळशीचे झाड, मिरचीचे झाड आणि वडाचे झाड एकाच दमात म्हणतो. वडाखाली चार बैलगाड्या सुटतात आणि मिरचीखाली मुंगीलाही धड सावली मिळत नाही, हा फरक भाषेने कधी मनावर घेतलेला नाही.

‘झुडूप’ हा शब्द एकटा फारसा बाहेर पडत नाही. ‘झाडंझुडपं’ असा थोरल्याचे बोट धरून येतो. एकटा सापडलाच तर संशयास्पद परिस्थितीत सापडतो: झुडपात काहीतरी सळसळते, झुडपाआड कोणीतरी लपते, किंवा सार्वजनिक बागेचा रखवालदार दिवेलागणीला झुडपावर काठी आपटून ‘चला, निघा आता’ म्हणतो. मुद्दा टाळणाऱ्या माणसाला इंग्रज ‘झुडपाभोवती काठी आपटणारा’ म्हणतात. त्यांच्याकडे शिकारीच्या वेळी पक्षी उठवायला हाकारे झुडपे बडवीत, त्यावरून तो वाक्प्रचार आला. मराठी रखवालदाराला तो लागू पडत नाही. त्याची काठी थेट मुद्द्यावरच पडते.

सरकारदरबारी मात्र झुडपाला एकदा फार मोठा मान मिळाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत जुन्या महसुली दप्तरात काही जमिनींपुढे ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. खुरटी झुडपे असलेली, गुरे चारायची पडीक जमीन, एवढाच लिहिणाऱ्याचा आशय असावा. पण नोंदीत शब्द दोन होते, आणि कोणत्या शब्दावर जोर द्यायचा यावर पुढच्या पिढ्यांचे एकमत झाले नाही. ज्याला बांधकाम करायचे होते तो ‘झुडपी’ मोठ्याने वाचायचा, ज्याला ते थांबवायचे होते तो ‘जंगल’ मोठ्याने वाचायचा. वाचन चालू असतानाच त्या जमिनींवर घरे, शाळा, कचेऱ्या आणि स्मशानेही उभी राहिली. सुमारे ८६ हजार हेक्टरांचे हे विशेषण आणि नाम यांचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला: झुडपी जंगल हे वनच धरायचे, १९९६ पूर्वी जे दिले-घेतले गेले ते नियमित करायला वाट ठेवली. थोडक्यात, विशेषण हरले. व्याकरणाचा प्रश्न इतक्या वर जाऊन सुटल्याचे दुसरे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

झुडपाला अशी दुय्यम वागणूक देणारी भाषा त्याच्या मुळापुढे मात्र एकदम नमते. मराठीतला सगळा कार्यकारणभाव मुळावर उभा आहे. पावसामुळे गाडी चुकते, गाडी चुकल्यामुळे मुहूर्त टळतो, आणि घरी आल्यावर हे सर्व ‘तुझ्यामुळे’ झालेले असते. ‘मुळात’ या शब्दाने बोलणे सुरू करणारा गृहस्थ पुढची वीस मिनिटे थांबत नाही. ‘मुळीच नाही’ म्हणताना नकाराला जोर द्यायला मुळीच लागते. मुद्द्याच्या मुळाशी जावे, वाईटाची पाळेमुळे खणून काढावीत, कोणाच्या मुळावर येऊ नये, अशी शिकवण आहे. सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून मूळ येते, त्या माणसाला मुराळी म्हणतात. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलाची पत्रिका ज्योतिषी जरा जास्त वेळ हातात धरतो. मूळव्याधीचे मूळ कशात आहे हे मात्र कोणी चारचौघांत सांगत नाही. वनस्पतीच्या इतर अवयवांना ही प्रतिष्ठा नाही. खोड म्हटले की वाईट सवय आधी आठवते, आणि पाने तोंडाला पुसायच्या कामी येतात.

प्रत्यक्षातले मूळ या प्रतिष्ठेला शोभेल असे वागत नाही. मोठे घराणे खोलवर मूळ धरून असते, असे माणसांबद्दल म्हणतात. झुडपांच्या घराण्यात खोलीला फारशी किंमत नाही. मुळांना श्वासासाठी हवा लागते, आणि माती जितकी खोल तितकी तिच्यात हवा कमी. त्यामुळे बागेतल्या बहुतेक झुडपांची पाणी आणि अन्न शोषणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटातच वावरतात आणि खाली जाण्यापेक्षा आडवी पसरतात, पुष्कळदा झुडपाच्या घेराच्या बाहेरपर्यंत. वर जेवढे झुडूप तेवढेच आरशातल्यासारखे खाली, हे चित्र केवळ बोधचिन्हांत आढळते. शोषण करणारी बारीक मुळे घेराच्या कडेला असताना बुंध्याशी बादली रिकामी करणे म्हणजे पंगतीतल्या पाहुण्याच्या पानाऐवजी त्याच्या पाठीवर आमटी वाढणे होय. पाहुणा भिडस्त असल्यामुळे काही बोलत नाही, आणि यजमान म्हणतो, ‘रोज पाणी घालतो, तरी वाळतंय.’

मुळांची लांबी मोजण्याचा उद्योग माणसाने केलेला आहे. १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने गव्हाच्या भावकीतल्या राय या धान्याचे एकच रोप चार महिने एका खोक्यात वाढवले आणि मग त्याची मुळे धुऊन मोजली. मुळांची एकूण लांबी भरली सुमारे ६२३ किलोमीटर, आणि मुळांवरचे सूक्ष्म रोम धरले तर आणखी दहा हजारांवर किलोमीटर. म्हणजे एका खोक्यातल्या गवतवर्गीय रोपाने मुंबईहून पणजी गाठली असती आणि वर थोडे मूळ उरले असते. डिटमरने झुडूप निवडले नाही, यात त्याचे व्यवहारज्ञान दिसते.

मुळांबद्दलची सर्वाधिक तपशीलवार चर्चा गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत होते. तळमजल्यावरच्या सभासदाने कुंपणाशी लावलेल्या तगरीची मुळे पाण्याचा नळ फोडणार, असा ठराव तिसऱ्या मजल्यावरून येतो. तगर हे तसे गरीब झुडूप. पांढरी फुले देवाला देते, तोडले की चीक गाळते आणि गप्प बसते. मुळांची टोके नाजूक असतात; धडधाकट नळ त्यांच्याने फुटत नाही. नळ आधीच गळत असेल तर ओलीच्या मागावर मुळे तिथे जमतात आणि फटीतून आत शिरतात. म्हणजे तगर ही या प्रकरणात आरोपी नसून साक्षीदार असते. पण नळ संस्थेचा आणि तगर एकट्याची, त्यामुळे तगर निघते आणि गळती राहते.

अशा सभेला मराठीत एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही फार अचूक उपमा आहे. एरंडाला उसासारखी पेरे दिसतात, पण कांडे पोकळ असते. ते चरकात घालून कितीही पिळले तरी रस निघत नाही. फक्त बैल दमतात. ज्या कोणी हा वाक्प्रचार पाडला त्याने ऊस आणि एरंड दोन्ही हातात धरून पाहिलेले होते. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हणही त्याच कसोटीला उतरते. एरंड पडीक जमिनीवर, उकिरड्याच्या कडेला, गटाराशेजारी कोणी न लावता येतो आणि दोन पावसाळ्यांत माणसाच्या डोक्यावरून वर जातो. आजूबाजूला दुसरे काहीच नसल्यामुळे तो दुरून वृक्षासारखा दिसतो. गावात वृक्ष आला की एरंड पुन्हा झुडूप होतो. त्याच्या बियांपासून मिळणारे एरंडेल एका पिढीच्या बालपणावर सावली धरून होते. त्याच बियांत रिसिन नावाचे जहाल विष असते, हे त्या पिढीच्या आज्यांना ठाऊक असते तरी मात्रेत फरक पडला नसता. ते विष तेलात उतरत नाही, हे मुलांचे नशीब.

एरंडाची म्हण उत्तीर्ण झाली. हरभऱ्याची मात्र साफ नापास होते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, म्हणजे खोटी स्तुती करून एखाद्याला फुगवणे. हरभरा हे झाड नाही आणि झुडूपही नाही. ते गुडघ्याच्या आसपास थांबणारे रोपटे आहे. त्यावर चढायला लागणारा माणूस कोणत्या मापाचा, याचा खुलासा म्हणीत नाही, आणि कदाचित तोच तिचा खरा टोमणा आहे: चढवणारा हसतो, चढणारा गुडघाभर उंचीवरून जग पाहतो. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा चिकट घाम असतो. शेतकरी पहाटे पिकावर फडके फिरवून ही ‘आंब’ गोळा करीत आणि पोटदुखीवर वापरीत. चढलेल्या माणसाला ती आपोआप लागते. हरभऱ्याचे खरे वैभव जमिनीखाली आहे. मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू, आणि ते हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. त्यामुळे हरभऱ्याच्या मुळांवर चढवणे ही खरी स्तुती ठरली असती, पण राजकीय सभांना तिचा उपयोग नव्हता.

झुडपांविषयीच्या मराठी म्हणींचे मुख्य ठाणे म्हणजे कुंपण. जुने कुंपण भिंतीचे किंवा तारेचे नव्हते. ते काटेरी फांद्यांचे, शेराचे, निवडुंगाचे, नाहीतर कोयनेल, मेंदीसारख्या झुडपांचे होते. हे ध्यानात ठेवले तर ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतला सरडा वेगळा दिसू लागतो. म्हणीत तो आवाका नसलेल्या माणसाचे प्रतीक आहे. प्रत्यक्षात झुडपांच्या कुंपणात त्याला सावली मिळते, मुंग्या-किडे मिळतात, ससाण्यापासून आडोसा मिळतो आणि विणीच्या हंगामात लाल गळा करून जोर-बैठका काढायला उंच जागाही मिळते. घर, जेवण आणि व्यायामशाळा एकाच ठिकाणी असताना तो पुढे कशासाठी धावेल? मुंबईत असे घर मिळाले तर माणूसही धावत नाही.

अलीकडे मराठी वृत्तपत्रांत राजकीय पुढारी ‘कुंपणावर बसलेले’ असतात. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला. तिकडचे कुंपण सपाट फळ्यांचे, त्यावर दोन्हीकडे पाय सोडून निवांत बसता येते. फड्या निवडुंगाच्या कुंपणावर ज्याला बसायचे असेल त्याने बसून दाखवावे. निर्णय लवकर होईल.

निवडुंगाचे नाव निघाले की ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण उपमा न राहता बातमी होते. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. त्याचा तुकडा मोडून पडला की तिथेच मूळ धरतो, त्यामुळे कुंपण म्हणून लावलेला निवडुंग वर्षागणिक एकेक पाऊल शेतात सरकत गेला. ईस्ट इंडिया कंपनीला त्यावर किरमिजी रंग देणारे कोचिनील किडे पाळायचे होते. स्पेनच्या मक्तेदारीतून तो रंग सुटावा हा हेतू. १७९५ साली ब्राझीलहून किडे आले. ते चुकीचे निघाले. रंगाच्या कामात सुमार, पण निवडुंग खाण्यात अत्यंत हुशार. कंपनीचा धंदा बुडाला आणि निवडुंगाच्या एका जातीची रानेच्या राने बसली. पुढे दक्षिण हिंदुस्थानात आणि सिलोनात हेच किडे निवडुंग हटवण्यासाठी मुद्दाम सोडले. तणाच्या बंदोबस्तासाठी कीटक वापरण्याच्या इतिहासाची पहिली पाने अशी एका सरकारी चुकीने लिहिली गेली. कुंपणाने शेत खाल्ले, किड्याने कुंपण खाल्ले, आणि जमाखर्चात दोन्ही नुकसानीच्याच बाजूला पडले.

घाणेरीला असा किडा भेटला नाही. तीही अमेरिकेचीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून भारतात आणली. तिला कोणी टणटणी म्हणतात, कोणी घाणेरी, आणि दुसऱ्या नावाचे कारण पान चुरगळल्यावर कळते. बागेतून ती बांधावर गेली, बांधावरून डोंगरावर, आणि आता सह्याद्रीच्या उतारांवर तिचीच वस्ती आहे. वरून तोडली तर बुडख्यातून दुप्पट जोमाने फुटते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. पाळेमुळे खणून काढणे हा वाक्प्रचार जणू तिच्यासाठीच राखून ठेवला होता. वन खात्याची माणसे तो कुदळीने वापरतात.

रुईचा संसार वेगळाच. माळरानावर, फारसे काही उगवत नाही तिथे ती ऐटीत उभी असते, शेळी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते, आणि शनिवारी तिची पाने मारुतीच्या गळ्यात जातात. तिसरे लग्न अशुभ मानले जाई, म्हणून दोन बायका वारलेल्या वराचे तिसरे लग्न आधी रुईशी लावण्याची रूढी होती. त्याला अर्कविवाह म्हणत. अशुभ जे काय ते रुईवर जायचे आणि नवरीचा नंबर चौथा लागायचा. रुईला विचारण्याची पद्धत नव्हती. ब्रह्मचारी मारुतीला आणि बिजवराच्याही पलीकडे गेलेल्या नवरदेवाला एकच झुडूप चालावे, यातून रुईचा समंजसपणा दिसतो.

तुळशीत भांग उगवली म्हणजे सज्जन कुळात वाह्यात कार्टे निपजले. वृंदावनात खरोखरीची अडचण भांगेची नसते, पाण्याची असते. सकाळी सासूबाई तांब्याभर पाणी घालतात, नंतर सूनबाई, मग शाळेला जाताना नातवंडे. वृंदावनाला खाली भोक असतेच असे नाही. मुळांभोवती पाणी साचले की हवा संपते आणि मूळकूज लागते. तुळस वाळायला लागली की घरावर काही संकट येणार असे समजून पाणी वाढवले जाते.

गुलाबाला काटे असतात, हे सांगून तत्त्वज्ञ थांबतात. वनस्पतिशास्त्रज्ञ तिथून पुढे भांडायला लागतात. गुलाबाचा काटा म्हणजे सालीवरची वाढ, अंगठ्याने बाजूला दाबला तर टचकन निघतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे रूपांतर झालेली फांदी, तो असा निघत नाही. निवडुंगाचा काटा म्हणजे रूपांतर झालेले पान. काट्याने काटा काढायचा असेल तर बोगनवेलीचा घ्यावा. बोगनवेलीचे फूलही फसवे आहे. माणसे ज्याला फूल म्हणतात ती रंगीत पाने. खरे फूल त्यांच्या मध्ये, पांढरे, टाचणीएवढे. आणि तिला पाणी कमी पडले की ती जास्त फुलते. लाड करणाऱ्याच्या घरी पाने, विसरभोळ्याच्या घरी फुले.

झुडपांना शिस्त लावण्याची हौस मुंबईत मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनने पुरी केली. तिथे झुडपे छाटून त्यांचे हत्ती-जिराफ केलेले असतात आणि बाग खुद्द शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर वसवलेली आहे. म्हणजे झुडपाच्या हत्तीच्या पायाखाली थोडी माती आणि तिच्याखाली दक्षिण मुंबईचा सकाळचा चहा. खोल जाण्याची सोयच नसलेल्या जागी ही जनावरे पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, यावरून मुळांना खोलीपेक्षा छाटणारा माळी वेळेवर येणे महत्त्वाचे वाटते असे दिसते.

गुलाबाच्या बाबतीत मात्र मूळ आपले खरे रूप दाखवते. रोपवाटिकेतला गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. घरी आणल्यावर वरचा उंची गुलाब दोन फुले देऊन खंगतो आणि खालचा खुंट तरारून फुटतो. मालक महिनाभर कौतुकाने सांगतात, ‘नवीन फूट बघा किती जोरदार आली.’ ती फूट भाडेकरू गेल्यावर घरात शिरलेल्या मालकाची असते. डोळ्याच्या खालून आलेला फुटवा दिसताच काढावा, नाहीतर चारशे रुपयांचा गुलाब पावसाळ्याअखेर बांधावरचे काटेरी झुडूप होतो.

आता जास्वंद. बियांतून फुटणाऱ्या झुडपाला सोटमूळ मिळते. फांदी खोचून वाढवलेल्या झुडपाला ते कधीच मिळत नाही. त्याला खोडातून बाजूने मुळे फुटतात, ज्यांना शाळेच्या पुस्तकात आगंतुक मुळे असे काहीसे अपमानास्पद नाव आहे. बागेतली जास्वंद सहसा बी धरत नाही. ती फांदीनेच पसरत आली, म्हणजे गणपतीला रोज लाल फूल देणारे हे झुडूप सर्वस्वी आगंतुक मुळांवर उभे आहे. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’. ती गुलाब नाही, आणि खात्रीने रानटी म्हणावी अशी जास्वंद चीनच्या रानातही आढळत नाही. दारातली प्रत्येक जास्वंद कोणाच्या तरी कुंपणावरून आलेली असते, मागून किंवा न मागता. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, अशी श्रद्धा आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. चोर घाईत असतो, लहान फांदी तोडतो, पावसाळ्यात अंधार असताना तोडतो आणि लगेच मातीत खोचतो. मागून आणलेली फांदी दोन दिवस पिशवीत पडून राहते.

फांदी वीतभर, पेन्सिलीइतकी जाड, फार कोवळी नको आणि फार जून नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, पाने वरची दोनच ठेवावीत, दोन डोळे मातीत जावेत, कुंडी सावलीत असावी. मूळ फुटले का ते पाहायला फांदी रोज उपटून पाहू नये. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. जास्वंदीचेही निदान पहिला महिनाभर विचारू नये.